राडारोड्याची बादली

मी घर विकत घेतलंय आणि त्यात भाडेकरू आहेत, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा आधी तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बरं. पण हितं कुणाला सांगू नगंस."

तिचंही बरोबर होतं. आमच्या घरात 'घरमालक' ही शिवी होती. मी इचलकरंजीत वाढले, यंत्रमागांच्या खडखडाटात, दोन खोल्यांत, आणि त्या दोन खोल्या आमच्या नव्हत्या. वडील मागावर, आई सुताच्या कांड्या भरायला. घरमालक वरच्या मजल्यावर राहायचा. चपला न काढता आत यायचा, फळीवरच्या डब्यांची झाकणं उघडून बघायचा, आणि आमच्याकडे पाहुणे दिसले की विचारायचा, "मुक्काम आहे का?" मुक्काम असला की दुसऱ्या दिवशी सामाईक नळाला कुलूप. खरंखुरं, पितळी. वडील कुणाला वाईट बोलणारे नव्हते. पण भावानं कधी खोटेपणा केला की म्हणायचे, "असं वागू नकोस, घरमालक होशील."

त्या खोल्यांत बसून मी ग्रॅज्युएट झाले. आमच्या सगळ्या भावकीत पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते आणि इथून पुढेही सांगणार आहे. वडिलांनी माझं पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं आणि ती फ्रेम तसबिरींपेक्षा मोठी निघाली, तेव्हा त्यांनी देवांना जरा बाजूला सरकवलं. देवांनी काही तक्रार केली नाही. पुढे मास्टर्सला मी इंग्लंडात नॉटिंगहॅमला आले, नोकरी लागली, लग्न झालं, राहिले.

आता माझ्यासारख्यांना एक खोड असते. छापलेलं वाचलं की ते आपल्याला आलं, असं वाटतं. भाडेकरूंसकट घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी सगळे नियम वाचून काढले. गॅसची तपासणी, विजेची तपासणी, धुराचे अलार्म, डिपॉझिट कुठे ठेवायचं, आणि भाडेकरूच्या घरात पाऊल टाकायच्या चोवीस तास आधी त्याला कळवायचं. हा शेवटचा नियम मी पुन्हा पुन्हा वाचला. चोवीस तास! आमच्याकडे चोवीस सेकंदांची नोटीस असती तर आईनं निदान पदर तरी सारखा केला असता. घरमालक होण्यासाठी परीक्षाच नसते, हे कळल्यावर मला मनापासून वाईट वाटलं. पहिली आले असते.

नवरा पुण्याचा, स्वतःच्या ब्लॉकमध्ये वाढलेला. त्याला यातलं काही कळत नव्हतं. तो यूट्यूबवर गिलावा कसा फोडायचा ते बघत होता.

घर कुरूप होतं, म्हणून तर आमच्या वाट्याला आलं. आम्ही राहतो तिथून दोन गल्ल्या पलीकडे, चढावर लाल विटांची, एकमेकांना चिकटलेली घरं आहेत त्यातलं एक. कुणीतरी कधीकाळी त्याचे दोन फ्लॅट केले होते, वर एक, खाली एक. खालचा रिकामा. त्याच्या बाथरूममध्ये गालिचा होता. पुन्हा सांगते: बाथरूममध्ये गालिचा. ज्यांनी अर्ध्या जगावर राज्य केलं आणि ज्यांनी संडासाच्या भांड्याभोवती गालिचा कापून बसवला, ती एकच माणसं आहेत यावर माझा अजून विश्वास बसत नाही. नवऱ्यानं नाकाला रुमाल बांधून तो उचलला.

"खाली काय आहे?" मी दाराबाहेरून विचारलं.

"अजून एक गालिचा."

वरच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहत होतं. घराबरोबरच आलं म्हणायचं, पायऱ्या आणि पन्हळी येतात तसं. तो ट्राम चालवायचा, ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघंही इथलेच, तिशीच्या आतले. मी पहिल्यांदा वर गेले, अर्थातच चोवीस तास आधी कळवून, तेव्हा तिनं मला थेट मागच्या लहान खोलीत नेलं. तिला दिवस होते. बाळ सप्टेंबरात यायचं होतं.

"इथे कॉट ठेवायची होती," ती म्हणाली.

बाहेरच्या बाजूची सगळी भिंत काळ्या बुरशीनं भरलेली. आधीच्या मालकानं दरवर्षी तिच्यावर पांढरा रंग फासला होता आणि दरवर्षी बुरशी पुन्हा वर आली होती. बोटानं दाबलं तर गिलावा चहात बुडवलेल्या टोस्टसारखा आत जायचा.

"मिडवाइफ म्हणाली, या खोलीत बाळ अजिबात नको. आणि आमच्या खोलीत आमचाच पलंग कसाबसा मावतो."

"नाहीच जमलं तर हिच्या आईकडे मॅन्सफिल्डला जाऊ," तिचा नवरा म्हणाला. "पण मग इतक्या लांबून पहाटेची पहिली ट्राम मी कशी काढणार, ते मला माहीत नाही."

"बाळ यायच्या आत ही भिंत कोरडी होईल," मी म्हणाले. "शब्द देते."

"आधीचे मालकही असंच म्हणायचे," ती म्हणाली. रागावून नाही. उद्या पाऊस आहे, असं सांगावं तसं.

ते मला लागलं. आजवर मला कुणी नापास केलं नव्हतं, आणि हिनं तर पेपर द्यायच्या आधीच केलं.

ओल कुठून येते ते शोधणं सोपं होतं. मागे घराचा एक अरुंद भाग अंगणात पुढे निघालेला, त्याच्या वरच्या मजल्यावर ही खोली. वरची पन्हळ फुटलेली, आणि विटांच्या दरजांमध्ये पूर्वी कुणीतरी चुन्याऐवजी सिमेंट भरलेलं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी बाहेर यायला तयारच नाही. पन्हळ बदलायची, सिमेंट खरवडून चुना भरायचा, आणि उन्हाळाभर भिंत सुकू द्यायची. अडचण एवढीच, की ती भिंत बरोबर हद्दीवर उभी होती. तिच्यावर बाहेरून काम करायचं तर परांची, म्हणजे इथलं स्कॅफोल्डिंग, शेजाऱ्याच्या अंगणात उभी करावी लागणार होती. स्कॅफोल्डिंगवाल्यानंही तेच सांगितलं: आधी शेजाऱ्याचा होकार आणा.

शेजारी म्हणजे एकटा राहणारा म्हातारा. कारखान्यातून रिटायर झालेला. या गावात दुकानदार, बसवाले, वाटेवरची अनोळखी बाई, सगळे एकमेकांना लाडानं 'डक' म्हणतात. बदक म्हणे. पहिल्या वर्षी मी दचकायचे, आता कुणी म्हटलं नाही तर काहीतरी बिनसलंय असं वाटतं. यानं मला एकदाही डक म्हटलं नव्हतं.

मी फोटो आणि नकाशे फाइलला लावून त्याच्या दारात गेले. त्यानं फाइलकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"मी अजून काही विचारलंच नाही."

"तुम्ही लोक येता आणि गल्ली नासवता."

तुम्ही लोक. मी तयारच होते. या देशात आल्यापासून या दोन शब्दांवर माझं एक भाषण पाठ आहे. आंघोळ करताना मी त्याची तालीम करते. त्यात कोहिनूर आहे, आमच्या गावचं कापड आहे, आणि काही इंग्रजी शब्द असे आहेत की ऐकणाऱ्या इंग्रजाला डिक्शनरी काढावी लागेल. मी छातीत हवा भरून घेतली.

"आम्ही लोक म्हणजे कोण?"

"लँडलॉर्ड लोक," तो म्हणाला आणि दार लावलं.

मी भाषण तोंडातच घेऊन परत आले. माणूस वंशद्वेष्टा असता तरी एक वेळ परवडलं असतं. हा तर माझ्या वडिलांसारखं बोलत होता.

"वकिलाकडून पत्र पाठवू," नवरा म्हणाला. "कायदा आहे. कोर्टातून परवानगी मिळते."

"कधी?"

"वेळ लागतो म्हणे."

"तोवर ते बाळ ट्राम चालवायला लागेल."

अशात एप्रिलमध्ये आई आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. लंडनमध्ये वेम्बलीच्या गुजराती दुकानांतून फिरवली तेव्हा म्हणाली, "हे बघायला इमानात बसायचं व्हय?" आणि तिथून एक स्टीलचा डबा घेतला. रिकामं बसणं तिला कधी जमलं नाही. पहिल्याच शनिवारी नऊवारीवर माझं जुनं जॅकेट, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला अशी ती आमच्याबरोबर त्या घरात आली आणि उलथन्यानं वॉलपेपर खरवडायला बसली. आमच्या महागड्या खरवडण्यांपेक्षा उलथनं बरं चालत होतं, हे मी नवऱ्याला कळू दिलं नाही.

तो मागच्या अंगणात होता. तिथली जुनी कोळशाची खोली पाडायची होती. मी आतून ओरडून सांगितलं, "अरे, जपून!" तो म्हणाला, "व्हिडिओ बघितलाय मी." आणि खोलीची मागची बाजू बरोबर चुकीच्या दिशेनं पडली. विटांचे तुकडे, माती, कौलं, सगळं मधल्या भिंतीवरून शेजाऱ्याच्या अंगणात.

पलीकडे फावड्याचा आवाज. थोड्या वेळानं पुढचं दार वाजलं. मी हात धुऊन येईपर्यंत आईनं ते उघडलं होतं. दारात म्हातारा, हातात लोखंडी बादली, बादलीत आमचाच राडारोडा काठोकाठ.

"तुमचं आहे," त्यानं इंग्रजीत सांगितलं, बादली आईच्या पायाशी आदळली आणि गेला.

आईनं बादलीकडे पाहिलं. "शेजारी का?"

"शेजारी. वाईट माणूस आहे. आपल्याला काम करू देत नाही."

"भांडं चांगलं हाय," आई म्हणाली.

मला वाटलं विषय संपला. मी पुन्हा कामाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात तूप आणि साखरेचा वास, आणि आई शंकरपाळी तळत होती. बादली राख लावून घासलेली, इतकी लख्ख की ती मूळची कोणत्या रंगाची ते तिच्या मालकालाही पहिल्यांदाच कळलं असतं. राख तिनं कुठून आणली ते मी आजही विचारलेलं नाही.

"आई, हे काय?"

"बादली परत द्यायची न्हवं? रिकामी कशी द्यायची?"

"अगं, त्यानं आपल्याला कचरा दिलाय! अपमान करायला!"

"मला डोळं हाईत. कचरा हुता ते दिसलं मला." तिनं झारा निथळवला. "त्यानं काय घातलं ते त्याच्या घरचं वळण. आपल्या घरातनं शेजाऱ्याचं भांडं रिकामं गेलेलं न्हाई आजवर. आणि तुझ्या डिगरीपायी मी ते सोडायची न्हाई."

शंकरपाळी स्टीलच्या डब्यात, डबा बादलीत, वर धुतलेला पंचा. तिनं ते सगळं त्याच्या दारात ठेवलं, बेल वाजवली आणि तो बाहेर यायच्या आत परत आली. बॉम्ब ठेवणारे साधारण असेच वागत असावेत.

दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी आमच्या खालच्या फ्लॅटच्या दारात डबा. धुतलेला, पुसलेला, झाकण लावलेला. आईनं झाकण उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"रिकामा!"

"इकडे असंच करतात, आई. धुऊन दिलाय, म्हणजे चांगलंच वागला."

"राडारोडा परवडला," आई म्हणाली. "त्यात काहीतरी हुतं तरी. चल."

"कुठे?"

ती निघालीसुद्धा होती. मी तिच्या मागे धावले. त्यानं दार उघडलं तेव्हा आईनं उघडा डबा त्याच्या नाकासमोर धरला होता.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला.

"त्येला इचार, ह्यो रिकामा कसा."

मी कान लाल करून विचारलं, "माझी आई विचारतेय, डबा रिकामा का आहे."

त्यानं डब्यात पाहिलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कारण मी ते खाल्लं."

"काय म्हणतोय?"

"खाल्लं म्हणतोय."

"मग खायालाच दिलं हुतं. आवडलं का इचार."

"चांगलं होतं," तो पोलिसात जबाब द्यावा तसा म्हणाला. "पण स्कॅफोल्डिंगचं उत्तर नाहीच."

"ती स्कॅफोल्डिंगबद्दल बोलतच नाहीये. आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यात काहीतरी घालायचं असतं."

"काय?"

"काहीही. चिमूटभर साखरसुद्धा चालते."

"मी तुम्हाला विटा दिल्या होत्या."

"तरीही."

आई हलली नाही. मग त्यानं डबा घेतला, आत गेला, आणि परत आला तेव्हा डब्यात मूठभर टी-बॅग्ज होत्या. आईनं एक उचलून वास घेतला.

"बरं हाय," ती मला म्हणाली. "शिकंल हळूहळू."

आता इथे गोष्ट गोड व्हायला हवी होती. झाली नाही. मे गेला, डबा येत-जात राहिला. इकडून चिवडा, तिकडून बिस्किटं. इकडून थालीपीठ, तिकडून घरच्या मुळ्यांची जुडी, ज्यावर आई खूश. आणि स्कॅफोल्डिंगचं विचारलं की दर वेळी नाही. वर त्या पोरीचं पोट वाढत होतं. ती जिन्यात भेटली की मी भिंतीबद्दल काही बोलायच्या आधी तीच म्हणायची, "असू द्या, तुम्ही प्रयत्न तरी करताय." एकदा त्यांच्या दारात रिकामी खोकी रचलेली दिसली. कशाला, ते मी विचारलं नाही. मॅन्सफिल्डच्या खोक्यांवर वेगळं काही लिहिलेलं नसतं.

जूनमध्ये एका रविवारी नवरा मागच्या अंगणात उभा राहून टेपनं वरच्या खिडक्यांचं माप घेत होता. मधल्या भिंतीवरून म्हाताऱ्याचं डोकं वर आलं.

"किती खोल्या करणार?" त्यानं विचारलं.

"कसल्या खोल्या?" मी म्हणाले.

"वर. त्या दोघांना काढल्यावर."

"कुणाला काढल्यावर?"

"मला मूर्ख समजू नकोस. भिंत नीट करायची, रंग मारायचा, पोरांना बाहेर काढायचं आणि एकेका खोलीच्या दोन करून विद्यार्थी भरायचे. पलीकडच्या घरात हेच झालं. तिथलं कुटुंब माझ्या डोळ्यांसमोर गेलं. आणि त्याच्या स्कॅफोल्डिंगला मीच हो म्हटलं होतं. चहा पाजला मी त्या लोकांना. माझ्या वाफ्यातला रुबार्ब तुडवला त्यांनी." कुटुंब आणि रुबार्ब दोन्ही त्यानं एकाच सुरात सांगितलं, त्यामुळे जास्त दुःख कशाचं ते कळलं नाही. "माझ्या अंगणातून ती पोरं बाहेर जाणार नाहीत."

म्हणजे मी त्या दोघांसाठी त्याच्याशी भांडत होते आणि तो त्या दोघांसाठी माझ्याशी.

माझं डोकं सटकलं. "मी? मी काढणार? मी भाड्याच्या खोलीत वाढलेय! मला सांगता तुम्ही?"

"सगळे हेच सांगतात."

आई खालच्या खिडकीत उलथनं घेऊन उभी होती. "काय म्हणतोय? एवढं वरडायला काय झालं?"

मी सांगितलं. ती बाहेर आली. इचलकरंजीत कुणाला सांगू नकोस म्हणणारी माझी आई भिंतीपाशी उभी राहिली आणि सगळं सांगायला लागली. चपला घालून आत येणारा मालक, डब्यांची झाकणं, पाहुण्यांचा मुक्काम, नळाचं कुलूप. एक वाक्य ती बोलायची, एक मी इंग्रजीत करायची. कुलूप पितळी होतं, हेसुद्धा तिनं मला सांगायला लावलं. बोलताना उलथनं हवेत फिरत होतं आणि म्हाताऱ्याची नजर त्याच्याबरोबर.

"एवढं सोसून हिनं घर घेतलं?" त्यानं विचारलं. प्रश्न आईला होता.

"घेतलं," आई म्हणाली. "मलाबी पटलं न्हवतं. पण त्येला सांग, ती पोरं वर हाईत, ती ऱ्हाणार. हिनं त्यास्नी काढलं तर मी हिच्या घरचं पाणी पिणार न्हाई."

मी भाषांतर केलं. इंग्रजीत ते फारच पातळ वाटलं.

"किती दिवस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आयुष्यभर."

"तहान लागेल."

"तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही."

त्यानं पुन्हा उलथन्याकडे पाहिलं. "ओळखायला लागलोय," तो म्हणाला. मग त्यानं मागे वळून आपल्या वाफ्याकडे पाहिलं. "आणि रुबार्ब?"

"रुबार्बचं काय?"

"स्कॅफोल्डिंगवाल्यांचे बूट मी पाहिलेत. कोण बघणार त्यांच्याकडे?"

मी आईला सांगितलं. आईनं त्याच्या अंगणात डोकावून पाहिलं. अळूसारखी मोठाली पानं, खाली जाड लाल देठ. "मी बसते की," ती म्हणाली. "मला काय काम हाय?"

आणि ती बसली. स्कॅफोल्डिंग होतं तेवढे दिवस ती रोज सकाळी घडीच्या खुर्चीत, नऊवारी, लोकरीची टोपी, हातात कुंच्याचा दांडा, रुबार्बच्या वाफ्यासमोर. स्कॅफोल्डिंगवाले धिप्पाड, हातांवर गोंदलेले. त्यांतल्या एकाचा बूट वाफ्याच्या काठाशी आला की दांडा आपटायचा: "ए! पाय!" त्यांना मराठी येत नव्हतं, पण पाय जागीच थांबायचा. पुढे पुढे ते एकमेकांनाच सांगायला लागले, "पाय! पाय!"

मधे एकदा घात होता होता राहिला. मी ऑफिसात होते, नवऱ्यानं नंतर सांगितलं. आईला ती पानं पहिल्या दिवसापासून भुरळ घालत होती. बेसन, चिंच, गूळ, सगळं घरात होतं. तिनं चांगली रुंद पानं देठापासून खुडली आणि शिरा लाटायला पोळपाट मागवला. म्हाताऱ्यानं ते खिडकीतून पाहिलं आणि पायजम्यातच बाहेर धावला, "नको! विष! विष!" पानं विषारी असतात म्हणे, खातात फक्त देठ. नवऱ्यानं भाषांतर केलं.

"मग एवढी मोठी कशाला वाढवतो?" आई म्हणाली. तिच्या दृष्टीनं चूक त्याचीच होती. त्याच संध्याकाळी तो देठांचं काहीतरी शिजवून घेऊन आला. आईनं चाखलं आणि म्हणाली, "कैरीच्या मेथांब्याची बहीण हाय. पण मेथ्या इसरला."

पन्हळ बदलली. दरजा खरवडल्या, चुना भरला. आतला सडका गिलावा आम्ही दोघांनी उतरवला. जुलै-ऑगस्टात नशिबानं ऊन पडलं. या देशात ते कायद्यानं मिळत नाही. नवऱ्यानं भिंतीत टोचून ओल मोजायचं यंत्र आणलं आणि दर रविवारी, चोवीस तास आधी कळवून, वर जाऊन टोचू लागला. ऑगस्टच्या शेवटी आईचं परतीचं तिकीट होतं. तेव्हा नवा गिलावा चढला होता, पण रंग बाकी होता. निघायच्या दिवशी ती वर गेली, त्या पोरीच्या पोटावर हात ठेवला, भिंतीवर ठेवला, आणि मला म्हणाली, "दोन्ही बरं हाय. रंगाची घाई करू नगंस."

घाई केली नाही. रंगाचा दुसरा हात वाळला त्या आठवड्यात बाळ आलं. मुलगी.

बाळ-बाळंतीण घरी आल्यावर मी वर गेले. कॉट त्या भिंतीलाच लावलेली. बाळाची आई मला म्हणाली, "दर वेळी आधी मेसेज करायची गरज नाही हो. नुसत्या या."

"नाही," मी म्हणाले. "ते सुटायचं नाही."

तेवढ्यात जिन्यात पावलं. म्हातारा. त्याला कसली आलीय नोटीस, तो सरळ आत आला. हातात ती बादली, तिच्यात सफरचंदं आणि जॅमच्या बाटल्या. त्यानं बाळाकडे पाहिलं नाही. आधी भिंतीपाशी गेला, तळवा टेकवला. वर, खाली, कोपऱ्यात. चार ठिकाणी. मी परीक्षेच्या निकालाला उभी राहायचे तशीच उभी होते.

"कोरडी आहे," तो ट्रामवाल्याला म्हणाला, मला नाही. मग त्यानं बाळ पाहिलं, नाक शिंकरलं, आणि निघताना बादली माझ्या हातात दिली.

"अर्धं यांचं, अर्धं तुझं. आणि बादली परत हवीय, डक."

"देते."

"रिकामी नको."

घरी येऊन मी आईला फोन लावला. तिच्या मागे यंत्रमागांचा खडखडाट.

"पोरं हाईत न्हवं वर?" तिनं आधी तेच विचारलं.

"आहेत. तिघं झाली."

"मग पुढल्या येळी येऊन पाणी पिते तुझ्याकडं." ती कुणालातरी तिकडे ओरडून सांगत होती, हो, त्याच घरात, माझ्या लेकीच्या. कुणाला सांगू नगंस म्हणालेली हीच बाई. मग परत फोनवर आली, तेव्हा मी तिला बादलीचं सांगितलं. "बादली आलीया न्हवं? मग शंकरपाळीला तूप वाटीभर घे, साखर वाटीभर, आणि दूध. लिव्हून घे. इकतचं घालू नगंस, त्यो वळखंल."